नितळ आवाजाचं गाव

इचलकरंजीची माणसं ओरडून बोलतात. भांडण नसतं, राग नसतो, सवय असते. जन्मल्यापासून कानाशी यंत्रमागांची खडखड. शेजारच्याला 'चहा घेणार काय' एवढं विचारायचं तरी बेंबीच्या देठापासून विचारावं लागतं. मग तीच पट्टी घरात, लग्नात, देवळातही. पुण्याची सून इथे आली की पहिलं वर्षभर तिला वाटतं, सासरी रोज भांडणं होतात. पुढच्या वर्षी तीही तशीच बोलायला लागते. इथल्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. बाहेरचे हसतात. हसू देत.

जगात धोट्याशिवाय चालणारे माग येऊन जमाना लोटला, तरी गल्लीबोळांतल्या कारखान्यांत अजून सुताची कांडी घेऊन इकडून तिकडे धोटेच धावत होते. फोन मात्र नवे आले. ते गावात आणले धनपाल मगदूमने. पूर्वी तो केबल टाकायचा, नंतर इंटरनेट पुरवू लागला, आणि 'नितळ' नावाच्या कंपनीने इंटरनेटवरून बोलण्याची नवी पद्धत काढली तेव्हा गावची एजन्सी त्यानेच घेतली. माणूस हुशार, बडबड्या, थोडा शहाणपणा मिरवणारा. पण कामाला चोख.

जुना फोन सरळमार्गी होता. बोलणाऱ्या दोघांच्या मधली वाट बोलणं संपेपर्यंत त्यांचीच असायची, आणि तिच्यातून आवाज जसाच्या तसा जायचा. खोकला, कुकरची शिटी, मागचं कुत्रं, सगळं. इंटरनेटने आवाजाचे बारीक तुकडे केले. प्रत्येक तुकड्यावर पत्ता घातला, आणि जो रस्ता मोकळा मिळेल त्याने जा, पलीकडे पुन्हा ओळीत उभे राहा, असं सांगितलं. फायदा सांगायलाच नको. मुलगा दुबईत असो की कॅनडात, तासभर बोला, वर चेहराही बघा. तोटेही सगळ्यांनी भोगले. वीज गेली की फोन मुका. नेट डळमळलं की निम्मे तुकडे वाटेत गायब, आणि माणूस छतावर चढून 'हॅलो, हॅलो' करतोय.

नितळवाल्यांनी म्हटलं, आवाज पाठवायचाच कशाला? फोनने मालकाचा आवाज आधी शिकून घ्यावा. तो बोलला की काय बोलला तेवढी खूण पाठवावी, आणि पलीकडच्या फोनने तेच शब्द त्याच्याच आवाजात नव्याने घडवावेत. भाकरी डब्यात घालून धाडण्यापेक्षा कृती कळवायची आणि तिकडच्या तव्यावर गरम थापून घ्यायची, तसं. खूण इवलीशी, त्यामुळे मरतुकड्या नेटवरही बोलणं तुटत नाही. आणि जे मालकाच्या तोंडचं नाही ते मुळात पाठवलंच जात नाही. मागांच्या ऐन खडखडाटात उभं राहून फोन करा, पलीकडच्याला वाटावं, माणूस देवघरात बसून बोलतोय. इचलकरंजीने हा फोन डोक्यावर घेतला नसता तरच नवल.

एक अडचण राहिली. माणसं ओरडतच होती. खडखड गेली, पण सुरतेच्या सूतव्यापाऱ्याला वाटायचं, हा मला शिव्या देतोय. तक्रारी धनपालकडे आल्या. कंपनीच्या यंत्रणेत 'समस्वर' नावाची एक सोय होती, आवाजाची धार बोथट करणारी. धनपालने ती गावातल्या सगळ्या फोनांसाठी पूर्ण टोकाला नेऊन ठेवली. कुणाला विचारलं नाही. पाण्याच्या टाकीत तुरटी टाकणारा घरोघरी सांगत फिरतो का, असं त्याचं म्हणणं.

आणि गाव गोड झालं. शब्द तेच, पण सगळे सायीसारखे मऊ. भागीदारांचं पटू लागलं. सासवा-सुनांचं, समोरासमोर नाही, पण फोनवर तरी पटू लागलं. कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. आपलीच माणसं सुधारली, असं प्रत्येकाला वाटत होतं.

*

धनपालला एक धाकटी बहीण, राजमती. गावातच चौगुल्यांकडे दिलेली. नवरा तरणाताठा असताना हृदयाच्या झटक्याने गेला आणि कारखाना तिच्या नावावर आला. तिने तो विकला नाही, भाड्याने दिला नाही, स्वतः चालवला. तिच्या दिराला, सुकुमारला, हे सलत होतं. आईबापांनी नाव सुकुमार ठेवलेलं, मनगट मात्र बैलाच्या मानेएवढं. 'आमच्या बापाचा कारखाना बाहेरून आलेली बाई चालवणार काय?' हे तो चौकात उघड म्हणायचा. धनपालने त्याला दोनदा समजावलं होतं, तेही फोनवर. फोनवर सुकुमार फार समंजस वाटायचा.

भाद्रपदात दशलक्षण पर्व झालं आणि क्षमावाणीचा दिवस आला. जैन घरांतला हा दिवस मोठा. वर्षभरात कुणाला दुखावलं असेल तर हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणायचं. पूर्वी दारोदार जायचे, आता फोन करतात. सकाळपासून धनपालचा फोन थांबत नव्हता. मावशी, साडू, बेळगावची आत्या, शाळेतला जुना दोस्त. सगळे मऊ आवाजात क्षमा मागत होते, आणि जमलं तर जेवायला ये म्हणत होते. धनपाल दुकानात बसून खारे दाणे खात सगळ्यांना 'क्षमा, क्षमा, येतो की' म्हणत होता.

त्याच सुमाराला सुकुमार राजमतीच्या कारखान्यात शिरला. बरोबर दोन माणसं. दारात त्याने हात जोडले.

"वहिनी, उत्तम क्षमा. वर्षभर लई बोललो तुमास्नी."

या दिवशी हात जोडून आलेल्याला कुणी दारातून परत पाठवत नाही. राजमतीनेही हात जोडले. सुकुमार कामगारांना म्हणाला, "जावा रं, च्या घेऊन या. घरचं बोलायचंय." कामगार गेले. माग चालूच राहिले. सुकुमारने आतून कडी घातली आणि पँटच्या मागे खोचलेला लोखंडी गज काढला.

पहिला घाव मागावर बसला. लोखंड करकरलं, सूत पिंजलं, धोटा उडून भिंतीवर आपटला. दुसरा माग, तिसरा माग. राजमती धावून गेली आणि तिने गज धरला. सुकुमारने तिला केसांनी ओढून फरशीवर पाडलं.

"कारखान्याच्या कागदावर सही करतीस का न्हाई?"

"मेलो तरी करणार न्हाई!"

त्याने तिच्या डाव्या हातावर गज घातला. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःलाही ऐकू आला नाही, एवढी खडखड होती. बाहेर रस्त्यावर माणसं होती, भाजीवाली होती, समोर पानाची टपरी होती. कारखान्यातून आवाज येतो यात कुणाला काय नवल? ती मागाखाली सरपटत गेली. एका माणसाने पायाला धरून ओढलं, तिने त्याच्या तोंडावर लाथ घातली. उजव्या हाताने कमरेचा फोन काढला आणि भावाचं नाव दाबलं.

"अण्णा! अण्णा, ये रे! आत्ता ये! लवकर ये!" तिची नस न् नस ओरडत होती.

धनपालच्या कानात बहिणीचा आवाज आला. शांत, मायेचा, ताटं मांडून जेवायला बोलावल्यासारखा.

"अण्णा, अण्णा, ये रे. आत्ता ये. लवकर ये."

धनपाल हसला. "अगं, सकाळपासून तूच राहिली होतीस. उत्तम क्षमा, राजी. आज कुठं जमतंय? दुकानात गर्दी हाय. रविवारी येतो की, तुझ्या वहिनीला घेऊन."

फरशीवर पडलेल्या राजमतीने हे ऐकलं. स्वच्छ, नितळ ऐकलं. एक क्षण ती ओरडायचीच थांबली. मग म्हणाली, "अण्णा, हा..." पण तेवढ्यात सुकुमारचा गज तिच्या जबड्यावर बसला. जबडा फुटलेल्या बाईच्या तोंडून निघतं त्याला शब्द म्हणत नाहीत, आणि यंत्र फक्त शब्द पाठवत होतं. पलीकडे धनपालला 'अण्णा, हा' एवढंच ऐकू आलं, आणि मग छान शांतता. तिने हो म्हटलं असं समजून त्याने फोन ठेवला आणि पुढचा फोन घेतला.

*

चहा घेऊन परतलेल्या कामगारांनी दार फोडलं, म्हणून ती वाचली. सुकुमार मागच्या दाराने गेला होता. संध्याकाळी तो आपण होऊन पोलीस ठाण्यात आला आणि म्हणाला, वहिनीचा पदर मागाच्या पट्ट्यात गेला, ती ओढली गेली, मी सोडवायला गेलो. माग मोडले ते तिला सोडवतानाच. बरोबरच्या दोघांनी मान हलवली.

निरीक्षक इंगवले बाई कामाला कडक होत्या. त्यांनी कंपनीकडून त्या कॉलचं ध्वनिमुद्रण मागवलं आणि धनपालला समोर बसवून ऐकवलं.

"अण्णा, अण्णा, ये रे," टेबलावरचा फोन लाडाने म्हणाला.

"ही बाई मार खातेय असं वाटतं तुम्हाला?" इंगवले बाईंनी विचारलं.

धनपालने टेबलावरचा फोन दूर सारला. "मॅडम, हे यंत्रानं केलंय. आवाज मऊ करायची सोय मीच टोकाला लावली होती. ती वरडत होती. तिचं वरडणं यंत्रानं पुसलं."

"कंपनीला मी हेच विचारलं. ते म्हणतात, राग मऊ होतो, भीती नाही. खऱ्या संकटातली किंकाळी आमचं यंत्र ओळखतं, जशीच्या तशी पुढे पाठवतं आणि शिवाय ठाण्यात इशारा देतं. आमच्याकडे इशारा आलेला नाही. म्हणजे किंकाळी नव्हती. राजमतीने जबाब लिहून दिलाय, पण तिच्या एकटीच्या शब्दासमोर तिघांचा शब्द आहे. सुकुमारचा वकील हेच म्हणणार, आणि जामीन घेऊन जाणार."

धनपालला गोम कळत होती. समस्वर आधी काम करतो आणि किंकाळी ओळखणारा पहारेकरी त्याच्या मागे बसलेला असतो. पहारेकऱ्याच्या कानावर मुळात मऊ झालेलाच आवाज पडतो, मग तो ओळखणार काय? कंपनी म्हणत होती, पहारेकरी पुढे बसलाय. धनपालने तिथल्या तिथे नितळवरून इंगवले बाईंना फोन लावला आणि जीव तोडून ओरडून दाखवलं. पलीकडे मऊच ऐकू आलं. बाई म्हणाल्या, "तुम्ही नाटक करताय हे यंत्राला कळतं, असं कंपनीचं उत्तर येईल. खरी भीती कुठून आणणार?"

सुकुमारला जामीन मिळाला.

पण धनपालची झोप उडवली ती याने नाही. राजमतीचा जबडा तारांनी बांधलेला होता, तिला बोलता येत नव्हतं. तो दवाखान्यात जाई आणि ती भिंतीकडे तोंड फिरवी. तारा निघाल्या तेव्हा ती पहिलं बोलली ते भावजयीशी. भावजयीने घरी येऊन, पदराला डोळे पुसत, नवऱ्याला सांगितलं.

"ती म्हणते, मी जीव तोडून वरडलो, आणि अण्णा म्हणाला रविवारी येतो. सुकुमारनं हात मोडला त्याचं काही न्हाई म्हणते. तो वैरीच होता."

धनपाल तसाच उठून दवाखान्यात गेला. "राजी, मला ऐकूच आलं न्हाई गं! शप्पथ!"

"बोललास की माझ्याशी." तिचा आवाज दातांतून फुटत येत होता. "उत्तर दिलंस. मग ऐकू कसं न्हाई आलं?"

"तुझं वरडणं ऐकू आलं न्हाई. यंत्रानं..."

"यंत्राच्या मागं लपू नगंस, अण्णा. जा तू." आणि ती पुन्हा भिंतीकडे वळली.

तो बाहेर पडतोय तोच फोन आला. सुकुमारचा. गावकीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याने विचारपूस करावी तशा सुरात तो म्हणाला, "धनपालराव, बहिणीचा एक हात गेला, वाईट झालं. दुसऱ्या हाताला जपाय सांगा तिला." हे वाक्य कोर्टात ऐकवलं असतं तर लोकांनी सुकुमारला शाबासकी दिली असती. तो हे कसं बोलला असेल, दात कसे खाल्ले असतील, ते धनपालला कळत होतं आणि कुणाला दाखवता येत नव्हतं. त्याला वाटलं, आत्ताच जाऊन याच्या डोक्यात पाटा घालावा. मुंगी चिरडू नये म्हणून बघून पाऊल टाकणाऱ्या बापाचा हा मुलगा, हातात पाटा घेतल्यासारखी बोटं आवळत रस्त्यात उभा राहिला.

पाटा नाही घातला. दुकानात गेला आणि त्याने गावातल्या सगळ्या फोनांचा समस्वर बंद केला. होऊ दे एकदा खरं काय ते, म्हणाला.

*

खरं काय ते दुपारपर्यंत झालं.

बाजारात एका सूतवाल्याने भागीदाराला फोन केला, 'पैसे कधी देतोस?' वाक्य रोजचंच होतं. आज त्यातला तिरस्कार पहिल्यांदा ऐकू गेला. भागीदार मोटारसायकलवरून आला आणि त्याने सूतवाल्याचं डोकं वजनकाट्याच्या मापाने फोडलं. लिगाडे मळ्यात मुलाने बापाचा फोन घेतला, आणि बाप आपल्याशी आजवर कुठल्या आवाजात बोलत होता ते त्याला समजलं. त्याने घराला बाहेरून कडी घालून लगतचा गोठा पेटवून दिला. शेजाऱ्यांनी बापाला खिडकीतून काढलं. एका घरात सून सासूच्या अंगावर उकळतं पाणी टाकून माहेरी निघून गेली. तांबे चौकात दोन भावकींत काठ्या निघाल्या, मग दगड, मग मागाचे दांडे. ओरडण्याची सवय असलेलं गाव होतं ते, मान्य. समोरासमोर ओरडणारा माणूस डोळ्यांनी दिसतो. तो हसतोय का चिडलाय ते कळतं, म्हणून आजवर निभावत होतं. नुसत्या फोनवरचा खरा आवाज ऐकायची सवय मात्र गावाने गमावली होती. उपाशी माणसाला एकदम भरपेट वाढावं आणि त्याच्या पोटात कळ उठावी, तसं झालं.

सरकारी दवाखान्यात खाटा पुरेनात. चौकातल्या मारामारीत म्हातारा हमाल बाबू नेजे उगाच मध्ये सापडला आणि जागीच गेला. त्याचं कुणाशीच वैर नव्हतं.

दुपार कलायच्या आत माणसं धनपालच्या दुकानावर चाल करून आली. समस्वराची गोष्ट ठाण्यातून फुटली होती. काचा फुटल्या, टीव्ही फुटले. त्याला कॉलर धरून रस्त्यावर आणलं. कुणी कानफटात मारली, कुणी लाथा घातल्या, तोंडात रक्ताची चव आली.

"आमचा आवाज बदलत हुतास इतकी वर्षं?" एकजण ओरडला.

"होय!" धनपाल म्हणाला. "चुकलं माझं! आता न्हाई बदलत!"

लाथा थांबल्या नाहीत. मग दुसऱ्याने त्याचे केस धरून तोंड वर केलं. "बदल की, भाड्या! आधीसारखं कर! आत्ताच्या आत्ता कर!"

आणि सगळा जमाव तेच ओरडू लागला. धनपालला फुटक्या काचांवरून फरफटत आत नेलं आणि त्याने रक्ताळलेल्या बोटांनी समस्वर पुन्हा टोकाला नेला. लोक घरी गेले. बाहेर जाता जाता त्यातल्या बऱ्याच जणांनी बायकोला फोन लावून मऊ आवाजात सांगितलं की काही झालं नाही, मी येतोय.

गावाला दोष देऊन उपयोग नाही. आपल्यावर माया आहे असं कानांनी सांगावं, हे कुणाला नको असतं? पण आता गावातला एकही माणूस कोर्टात उभा राहून 'हे यंत्र खोटं बोलतं' असं सांगणार नव्हता, हे धनपालला कळलं. सांगायचं तर त्यालाच सांगावं लागणार होतं, आणि कुणी नाकारू शकणार नाही असं.

*

राजमती घरी आली आणि एका हाताने पुन्हा कारखाना चालवू लागली. कामगार दाराशी दांडकी घेऊन बसत. एका सकाळी धनपाल इंगवले बाईंना घेऊन तिथे गेला. तोंडावरची सूज अजून उतरली नव्हती. राजमतीने त्याच्याकडे बघितलं, ओळख दाखवली नाही, बाईंना तेवढी खुर्ची दिली.

कारखान्याच्या कोपऱ्यात काच लावलेली छोटी खोली होती. तिथे बसून मालक हिशेब करतो आणि मागांवर नजर ठेवतो. दार लावलं की खडखड निम्मी होते. धनपालने दोघींना तिथे बसवलं, स्वतःच्या कानात फोन अडकवला आणि बाईंना नितळवर कॉल लावला. बाईंनी आपला फोन मोठ्या आवाजात टेबलावर ठेवला आणि ध्वनिमुद्रण सुरू केलं.

"मॅडम, मी बाहेर जाऊन परत एकदा वरडून दाखवतो. बघा."

"त्याने काही होणार नाही, मगदूम. मागेच सांगितलं तुम्हाला."

"बघा तर खरं."

तो बाहेर गेला. खोलीच्या अगदी समोर, काचेतून स्पष्ट दिसेल अशा मागापाशी उभा राहिला. मागाच्या कडेला एक लाकडी दांडा असतो, तो धोट्याला फटका मारून पलीकडे धाडतो. तो येतो कधी आणि जातो कधी, डोळ्यांना धड दिसत नाही. धनपालने काचेकडे बघितलं. राजमती खाली बघत होती. तो थांबला. तिने मान वर करेपर्यंत थांबला. तिने वर बघितलं आणि त्याने डावा हात दांड्याच्या वाटेत घातला.

काचेमागून दोघींनी ते बघितलं. धनपालचं तोंड उघडलं, एवढं उघडलं की जबडा निखळतोय असं वाटावं. मानेच्या शिरा दोरासारख्या फुगल्या. गुडघे मोडले. हात अडकला होता, दांडा पुन्हा आला, आणि पुन्हा. सदरा लाल झाला.

टेबलावरचा फोन शांतपणे म्हणाला, "आई. आई गं. मेलो. बंद करा. कुणीतरी माग बंद करा."

दुपारची झोप काढून उठलेल्या माणसाने पंखा बंद करायला सांगावा, तसा तो आवाज होता.

इंगवले बाई उभ्या राहिल्या आणि तशाच थिजल्या. त्यांची नजर एकदा काचेकडे, एकदा फोनकडे जात होती. ठाण्याचा इशारा त्यांच्याच कमरेच्या यंत्रावर यायचा होता. ते यंत्र गप्प होतं.

राजमतीने खुर्ची उलटवली, दार खांद्याने ढकललं आणि बाहेर झेपावली. मुख्य बटण दाराला लागूनच भिंतीवर होतं. चांगला हात दाराच्या कडीत गुंतला म्हणून तिने प्लास्टरमधला हातच त्याच्यावर आपटला. कारखान्यातले सगळे माग एकदम थांबले.

तेव्हा धनपालची किंकाळी ऐकू आली. खरी, उघडी, कौलांना जाऊन भिडणारी. समोरच्या टपरीवरचा पानवाला हातातला चुना टाकून धावला. कामगार दांडकी घेऊन आत घुसले, आणि मारायचं कुणाला ते न कळून उभे राहिले.

राजमतीने दांडा मागे ओढून धरला आणि भावाचा हात सोडवला. तीन बोटं नुसती कातड्याला लोंबत होती. तिने पदर फाडून मनगटाला करकचून गाठ मारली. एका हाताने आणि दातांनी. नुकत्याच सांधलेल्या जबड्याने. तिच्या तोंडातूनही रक्त आलं.

"येडा झालास काय रे! येडा झालास काय!" ती ओरडत होती. "बोटं गेली की तुझी!"

"राजी," तो म्हणाला. दातांवर दात वाजत होते, पण त्याला सांगायचंच होतं. "आत... आत कसं ऐकू आलं गं? तुला कसं ऐकू आलं?"

राजमतीचा हात थांबला. आतला फोन अजून चालू होता. भाऊ इथे तिच्या मांडीवर तडफडत कण्हत होता, आणि तिकडे, किंचित मागून, त्याचाच आवाज तेच शब्द मायेने विचारत होता: कसं ऐकू आलं गं, तुला कसं ऐकू आलं.

ती त्या आवाजाकडे कान देऊन बसली. मग भावाच्या तोंडाकडे बघितलं.

"मी बी असंच वरडलो होतो, अण्णा," ती म्हणाली. "अगदी असंच."

धनपाल रडायला लागला. हातासाठी नाही. त्या दिवशी फरशीवर काय झालं ते त्याला आत्ता पहिल्यांदा ऐकू आलं होतं. राजमतीने त्याचं डोकं छातीशी धरलं आणि तीही मोठ्याने रडू लागली. दोघं भाऊबहीण इचलकरंजीच्या पट्टीत रडत होते, आणि मोडक्या मागांतून त्यांच्याभोवती सूत लोंबत होतं.

इंगवले बाईंनी रुग्णवाहिका मागवली. दुसऱ्या फोनवरून हवालदाराला सुकुमारला घेऊन यायला सांगितलं. टेबलावरचा फोन मात्र त्यांनी बंद केला नाही, ध्वनिमुद्रण चालू राहू दिलं. त्यातून धनपालचं रडतानाचं 'राजी, राजी' येत होतं, कुणीतरी मजेत गुणगुणत बसावं तसं.